टेकडीवरची भट्टी

कोपनहेगन शहराच्या पश्चिम अंगाला व्हाल्बी नावाची एक टेकडी आहे. आपल्या पर्वतीशेजारी ठेवली तर तिला कोणी टेकडी म्हणणार नाही. पण डेन्मार्क हा देशच असा सपाट, की त्यातले सर्वांत उंच ठिकाण समुद्रसपाटीपासून अवघे १७१ मीटर भरते. अशा मुलखात जरा चढण लागली की तिला टेकडीचा मान मिळतो. २०१८ सालच्या जूनमध्ये मी माझ्या मुलीकडे तेथे गेलो होतो. एके दिवशी सकाळी मी तिला म्हटले, "मला कार्ल्सबर्गच्या भट्टीवर घेऊन चल." ती क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहातच राहिली. आमच्या घरात दारू हा शब्द कधी मोठ्याने उच्चारला गेला नव्हता. सत्तरीला आलेल्या बापाला आता हे काय सुचले, असे तिला वाटले असावे. पण ती काही बोलली नाही. निमूटपणे माझ्याबरोबर निघाली.

चढण संपून रस्ता वळला आणि समोर हत्ती उभे राहिले. ग्रॅनाइटचे चार प्रचंड हत्ती, आणि त्यांच्या पाठीवर तोललेला मनोरा. मनोऱ्याखालून रस्ता जातो. जवळ जाऊन पाहतो तो प्रत्येक हत्तीच्या अंगावर स्वस्तिक! लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या वहीच्या पहिल्या पानावर आपण कुंकवाने काढतो तेच. परक्या देशात, बीअरच्या भट्टीच्या दारात, हत्ती आणि स्वस्तिक एकत्र पाहून मला हसावे की नमस्कार करावा ते कळेना. ही वेस १९०१ सालची, डालेरूप नावाच्या वास्तुशिल्पज्ञाने उभारलेली. बांधवून घेणारा कार्ल याकोबसेन रोममध्ये बेर्निनीचा पाठीवर स्तंभ घेतलेला हत्ती पाहून आला होता. त्यावरून ही कल्पना निघाली. स्वस्तिक तो १८८१ पासून शुभचिन्ह म्हणून वापरीत असे. पुढे हिटलरने ते चिन्ह असे काही विटाळले, की कंपनीला आपल्या बाटल्यांवरून ते काढून टाकावे लागले. दगडातले मात्र राहिले. हत्तींवर त्याच्या चार मुलांची आद्याक्षरेही कोरलेली आहेत, प्रत्येक हत्तीवर एकेकाचे. आपल्या धंद्याचे ओझे आपली पोरे वाहतील, असे त्या बापाच्या मनात होते की काय, कोण जाणे. त्याचे स्वतःचे आणि त्याच्या बापाचे मात्र या धंद्यापायी पटले नव्हते. ती हकीकत पुढे येईलच.

पण मी तेथे हत्ती पाहावयास गेलो नव्हतो. मी गेलो होतो एका काचेच्या भांड्यासाठी.

मराठवाड्यातील एका कृषी महाविद्यालयात मी चौतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले. शिकवले म्हणजे मुख्यतः नायट्रोजन मोजला. ज्वारीतला, तुरीतला, सरकीच्या पेंडीतला, कडब्यातला, मातीतला. लांब मानेचा, गोल बुडाचा एक फ्लास्क घ्यावयाचा; त्यात धान्याचे पीठ तोलून टाकावयाचे; वरून तीव्र गंधकाम्ल ओतून तापवावयाचे. पीठ प्रथम कोळशासारखे काळे होते, मग हळूहळू द्राव निवळू लागतो. पिठातला सगळा नायट्रोजन एव्हाना अमोनियाच्या रूपात आम्लाने धरून ठेवलेला असतो. त्यावर अल्कली घालून तो अमोनिया उडवावयाचा, दुसऱ्या भांड्यात पकडावयाचा आणि मोजावयाचा. आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणले की धान्यातले प्रथिन निघते. जगातल्या बहुतेक शेतकी प्रयोगशाळांत एक शतकाहून अधिक काळ हेच चालत आले. या रीतीला आम्ही सगळे 'जेल्डाल' म्हणत असू. माझ्या गुरुजींनी तसे म्हटले, मी तसे म्हटले, माझ्या विद्यार्थ्यांनी तसेच म्हटले. डेन्मार्कात गेल्यावर कळले, की त्या गृहस्थाचे नाव 'केल्डाल' होते. चौतीस वर्षे ज्याचे अन्न खाल्ले, त्याचे नावही धड उच्चारता आले नाही!

केल्डालचे ते भांडे बीअरच्या भट्टीत जन्माला आले, ही गोष्ट तर मला पंधरा वर्षे शिकवून झाल्यावर कळली. कशी कळली ते सांगतो.

१९९० च्या सुमारास आम्ही शेवटच्या वर्षाच्या मुलांना घेऊन औरंगाबादेजवळच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) औद्योगिक वसाहतीतील एक मोठा बीअरचा कारखाना पाहावयास गेलो. कारखान्याचे नाव सांगण्याचे येथे कारण नाही. भट्टी म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे ओढ्याकाठचा धूर, काळे पडलेले पिंप आणि आंबट वास उभा राहात असे. येथे त्यातले काहीच नव्हते. फाटकापाशी फक्त उकडलेल्या धान्याचा गोडसर वास होता, घुगऱ्या शिजत असाव्यात तसा.

पहिल्या खोलीत गेलो आणि मला माझी आई आठवली. आई आम्हां भावंडांसाठी नाचणीचे सत्त्व करीत असे. नाचणी भिजवावयाची, फडक्यात बांधून मोड आणावयाचे, सावलीत वाळवावयाची, मग दळावयाची. येथे नाचणीच्या जागी सातू होते आणि फडक्याच्या जागी कोठारे, एवढाच काय तो फरक. मोड आले म्हणजे दाणा जागा होतो. साठवलेला स्टार्च फोडून त्याची साखर करणारी विकरे त्याच्यात तयार होतात. नेमक्या त्या वेळी त्याला भट्टीच्या उष्णतेने वाळवून निजवावयाचे. हेच माल्ट. ते भरडून कोमट पाण्यात कालवतात आणि पाणी हळूहळू ६५ अंशांच्या आसपास नेतात. निजलेली विकरे पुन्हा कामाला लागतात, आणि तास-दीड तासात पिठुळ कालवणाचा गोड रस होतो. मी बोटावर घेऊन चाखला. मुलांनीही चाखला. उसाच्या रसाहून कमी गोड, पण लहान मुलाला खुशाल पाजावा असा.

हा रस चाळणीच्या बुडाच्या हौदातून गाळतात. सातूची टरफलेच येथे गाळणीचे काम करतात. मग तो तांब्याच्या, आता बहुधा पोलादाच्या, अवाढव्य कढईत तासभर खळखळा उकळतात व त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुले टाकतात. बीअरचा कडवटपणा या फुलांचा; शिवाय ती रस नासूही देत नाहीत. खाली राहिलेला सातूचा चोथा ट्रॅक्टरमधून बाहेर चालला होता. आसपासचे शेतकरी तो जनावरांसाठी विकत नेत. त्या चोथ्यात प्रथिन किती, हे आमच्याच प्रयोगशाळेने एकदा काढून दिले होते. अर्थात केल्डालच्याच रीतीने.

तेथून पुढे मात्र सगळे बंद. उकळलेला रस पोलादी पत्र्यांच्या थप्पीतून जातो. एका बाजूने गरम रस, दुसऱ्या बाजूने गार पाणी. आणि निमिषात थंड होऊन उंच टाक्यांत पडतो. या टाक्या खालच्या बाजूने नरसाळ्यासारख्या निमुळत्या, चार-चार मजले उंच, एकेकीत लाखो लिटर मावतील अशा. त्यात किण्व, म्हणजे यीस्ट, सोडले की त्याचे काम सुरू. साखर खावी, मद्यार्क आणि कर्बवायू टाकावा. दहा-बारा अंशांच्या थंडीत हे चालते. काम संपले की किण्व तळाच्या नरसाळ्यात जमते. ते काढून पुढच्या टाकीला विरजण म्हणून वापरतात. एवढ्या मोठ्या इमारतीत माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एक जण काचेआड बसून दिवे पाहात होता. गलबला काय तो फक्त बाटल्या भरण्याच्या दालनात. तेथे तासाला हजारो बाटल्या धुतल्या, भरल्या, बंद केल्या जात होत्या आणि काचेचा असा काही खळखळाट होता की माणसे खुणांनी बोलत होती.

मला सर्वांत नवल वाटले ते तिथल्या सोवळ्याचे. प्रत्येक नळ, प्रत्येक टाकी कॉस्टिक सोड्याने, मग आम्लाने, मग उकळत्या पाण्याने धुवावयाची, आणि तेही न उघडता. मुंज-लग्नाच्या स्वयंपाकघरातही मी इतके सोवळे पाहिले नव्हते. आमच्याबरोबरच्या रसायनज्ञाने शेवटी एक लहानशी खोली उघडली. "सर, हे आमचे देवघर," तो म्हणाला. आत एक साधा फ्रीज, आणि त्यात कापसाचे बूच घातलेल्या पाच-सहा परीक्षानळ्या. लाखो लिटर बीअरचे बीज त्या नळ्यांतल्या पांढऱ्या रेघेत होते. नळीवरची चिठ्ठी मी चष्मा वर करून वाचली: सॅकरोमायसिस कार्ल्सबर्गेन्सिस.

घरी आल्यावर ग्रंथालयात त्या नावाचा माग काढू लागलो, आणि दुसऱ्याच पुस्तकात केल्डाल भेटला. त्याच टेकडीवर, त्याच भट्टीत, त्याच प्रयोगशाळेत! पुढची पाने चाळली तो आणखी एक ओळखीचे नाव. पाण्याची, मातीची, रक्ताची आम्लता ज्या पी-एच अंकाने मोजतात, जो अंक आठवीच्या पोरालाही ठाऊक असतो, तो अंक १९०९ साली सोरेनसेनने तेथेच काढलेला.

हे सगळे नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगावे असे मनात होते. नाना सातारा जिल्ह्यातले. १९३० साली, अठराव्या वर्षी, त्यांनी दारूच्या गुत्त्यापुढे पिकेटिंग केले आणि विसापूरच्या तुरुंगात जाऊन आले. १९५० साली मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी झाली त्या दिवशी त्यांनी गावात गूळ वाटला होता. पुढे ती बंदी कशी सैल होत गेली हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्यावर ते कधी बोलत नसत. मुलांना घेऊन मी बीअरचा कारखाना पाहून आलो हे त्यांना कळले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "मोड आणलेलं धान्य पोरांच्या पोटात जायचं, ते तिथं कशाला गेलं?" मग महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. केल्डालची गोष्ट सांगावयाची राहूनच गेली. १९९४ साली नाना गेले.

त्यांना सांगितली असती ती गोष्ट अशी.

जे. सी. याकोबसेन १८११ साली जन्मला. बापाची कोपनहेगनमध्ये जुन्या पद्धतीची लहानशी भट्टी होती, तीच त्याच्याकडे आली. त्या काळची डॅनिश बीअर एका दिवशी चांगली तर दुसऱ्या दिवशी आंबट. बव्हेरियात मात्र थंड तळघरात, तळाशी बसणाऱ्या किण्वाने, महिनोन् महिने मुरवलेली स्वच्छ बीअर निघत असे. याकोबसेनने प्रथम आईच्या कपडे उकळण्याच्या तांब्याच्या हंड्यात ती करून पाहिली. मग १८४५ साली तो म्युनिकला गेला आणि श्पाटेन भट्टीच्या झेडलमायरकडून थोडे किण्व मागून घेतले. तेव्हा सगळ्या वाटेवर रेल्वे नव्हती. घोड्यांच्या टपालगाडीतून, पत्र्याच्या डब्यांत, ते किण्व तो कोपनहेगनपर्यंत घेऊन आला. वाटेत गाडी जेथे थांबे तेथे उतरून डब्यांवर गार पाणी ओती, असे सांगतात. विरजण जपून माहेरहून सासरी आणणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. त्यातलाच हा प्रकार.

१८४७ साली त्याने शहराबाहेर या टेकडीवर नवी भट्टी घातली. पाणी चांगले, तळघरे खणावयास उतार, आणि त्याच वर्षी सुरू झालेली देशातली पहिली आगगाडी पायथ्याशी. पाच वर्षांच्या मुलाचे नाव कार्ल आणि टेकडी म्हणजे बर्ग, म्हणून भट्टी कार्ल्सबर्ग. १८६७ साली ती जळाली. त्याने पुन्हा बांधली, आणि मोठी बांधली.

पैसा करणारे भट्टीवाले युरोपात पुष्कळ होते. याकोबसेनचे वेगळेपण असे, की आपल्याला काय ठाऊक नाही हे त्याला ठाऊक होते. हे किण्व आहे तरी काय, सातूत नेमके काय असते, एकच कृती दोनदा केली तर फळ वेगळे का, याचे उत्तर त्याच्या वस्तादांपाशी नव्हते. पाश्चरचे लेखन तो भक्तिभावाने वाची. (पाश्चर बीअरकडे वळला तो १८७०-७१ च्या युद्धात हरलेल्या फ्रान्सची बीअर जर्मनांच्या वरचढ व्हावी म्हणून! शास्त्रज्ञालाही असे राग-लोभ असतात.) १८७५ साली याकोबसेनने भट्टीच्या आवारात प्रयोगशाळा काढली, आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी कार्ल्सबर्ग निधी स्थापून तो डेन्मार्कच्या राजकीय विज्ञान अकादमीच्या हाती सोपवला. त्यात त्याने एक अट घातली, तिच्यापाशी मी फार वेळ थांबलो. प्रयोगशाळेत जे काही शास्त्राच्या किंवा व्यवहाराच्या उपयोगाचे सापडेल ते गुप्त ठेवावयाचे नाही. व्यापारी माणसाने आपल्या पैशाने शोध लावावा आणि तो शेजारच्या व्यापाऱ्याला सांगून टाकावा! आपल्याकडे वैद्य मरताना मुळीचे नावसुद्धा मुलाला सांगत नसे.

केल्डाल या प्रयोगशाळेत रसायन विभागाचा प्रमुख झाला तेव्हा तिशीही उलटली नव्हती. त्याच्यापुढचा प्रश्न साधा भट्टीवाल्याचा होता. सातूत प्रथिन फार असेल तर बीअर गढूळ होते आणि साखर कमी उतरते; फार कमी असेल तर फेस टिकत नाही. तेव्हा गाडी उतरवून घेण्यापूर्वी प्रथिन मोजता आले पाहिजे. तोवरच्या रीती वेळखाऊ आणि नाजूक होत्या. १८८३ साली त्याने आपली रीत प्रसिद्ध केली, आणि ती बीअरपासून सुटून गव्हावर, दुधावर, मातीवर जगभर पसरली. तिच्यात दोष नाही असे नाही. ती प्रथिन मोजत नाही, नायट्रोजन मोजते. २००८ साली चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामिन मिसळणाऱ्यांनी या दोषाचाच फायदा घेतला. मेलामिनमध्ये नायट्रोजन भरपूर, तेव्हा तपासणीत दूध सकस ठरे. त्यात तान्ही मुले दगावली. मोजणाऱ्याने आपण काय मोजतो हे विसरू नये, असे मी त्यानंतर भेटेल त्या विद्यार्थ्याला बजावीत असे. केल्डाल स्वतः १९०० सालच्या जुलैत समुद्रस्नान करीत असताना वारला. वय अवघे पन्नास.

किण्वाचा प्रश्न सोडवला एमिल क्रिश्चन हान्सेनने. हा रंगाऱ्याचा मुलगा, आणि स्वतःही भिंती रंगवून पोट भरलेला. उशिरा शिकला, डार्विनचा जलप्रवास एका मित्राबरोबर डॅनिश भाषेत आणला, आणि १८७९ पासून या प्रयोगशाळेच्या शरीरक्रिया विभागाचा प्रमुख झाला. त्या काळात कार्ल्सबर्गची बीअर बिघडू लागली होती. पाश्चरचा आरोप जिवाणूंवर होता. हान्सेन म्हणाला, चोर घरातलाच आहे. किण्व म्हणून आपण जे घालतो ते एक जातीचे नसून अनेक जातींचे मिश्रण आहे, आणि त्यातल्या रानटी जाती बीअर नासवतात. धन्याला प्रथम हे पटेना. मग हान्सेनने किण्वाचा द्राव इतका पातळ केला, की एका थेंबात एकच पेशी यावी. त्या एकीची प्रजा वाढवली. अशा निरनिराळ्या प्रजा तपासून त्यांतली एकच बीअरला योग्य ठरवली. १२ नोव्हेंबर १८८३ रोजी त्या एका पेशीच्या वंशावर कार्ल्सबर्गची बीअर निघाली. औरंगाबादेच्या फ्रीजमधली ती पांढरी रेघ याच कुळीच्या नावाची. आज तिला शास्त्रीय नाव दुसरे आहे. ती दोन जातींचा संकर आहे, आणि त्यांतली एक जात २०११ साली दक्षिण अमेरिकेत पॅटागोनियाच्या रानातल्या झाडांवर सापडली, हेही आता कळले आहे.

आणि याकोबसेनने काय केले? जो मागेल त्या भट्टीवाल्याला ते शुद्ध किण्व फुकट पाठवले. झेडलमायरने एकदा त्याला दिले होते, ते त्याने जगाला दिले.

इतका उदार माणूस घरात मात्र वेगळाच होता. कार्ल परदेशी शिकून आल्यावर १८७१ साली बापाने त्याला आवारातलीच एक जोडभट्टी चालवावयास दिली. मुलगा धडाडीचा. बीअर लौकर बाहेर काढी, पुष्कळ विकी. बापाचे म्हणणे, बीअर मुरलीच पाहिजे, आणि अमक्या मापापेक्षा जास्त काढावयाची नाही. बोलाचाली पत्रांवर गेली, पत्रे वकिलांवर. १८८२ साली मुलाने शेजारीच आपली वेगळी भट्टी सुरू केली. एकीला जुनी कार्ल्सबर्ग म्हणू लागले, दुसरीला नवी. दोहोंमधल्या सामायिक रस्त्याला बापाने एक नाव दिले, मुलाने दुसरे, आणि दोघांनी आपापल्या पाट्या ठोकल्या. मुलाने दिलेले नाव होते पाश्चर. बापाच्याच दैवताचे नाव, बापाच्या नाकावर टिच्चून! रस्त्याला आज तेच नाव आहे. त्याच वर्षी बापाने मृत्युपत्र बदलले, आणि आपली सगळी भट्टी मुलाला न देता निधीला देऊन टाकली. म्हणजे जगातल्या एका मोठ्या विज्ञाननिधीच्या संपत्तीचे मूळ अर्धे विद्याप्रेमात आहे आणि अर्धे बापलेकांच्या भांडणात. इतिहास लिहिणारे यातला दुसरा अर्धा भाग बहुधा मवाळ शब्दांत सांगतात.

१८८६ साली दोघांचा समेट झाला. पुढच्या वसंतात म्हातारा रोमला गेला, तेथे आजारी पडला आणि ३० एप्रिल १८८७ रोजी वारला. शेवटी मुलगा उशाशी होता. मृत्युपत्र बदलले नव्हते. मग मुलानेही तेच केले! १९०२ साली त्याने आपली नवी भट्टी कलेसाठी निधी करून देऊन टाकली, आणि १९०६ साली दोन्ही भट्ट्या एक झाल्या. बापाने विज्ञानाला दिले, मुलाने कलेला. कोपनहेगनचे ग्लिप्टोटेक हे शिल्पसंग्रहालय त्याचेच, आणि बंदरातल्या खडकावर बसलेली, १९१३ साली बसवलेली ती प्रसिद्ध जलपरीही त्यानेच घडवून घेतलेली. बापाचे राहते घर मृत्युपत्राप्रमाणे एका थोर विद्वानाला तहहयात राहावयास देण्याची प्रथा पडली. १९३२ पासून १९६२ मध्ये मरेपर्यंत तेथे नील्स बोर राहिला. त्याच्या घरात बीअरचा नळ होता, असे लोक मोठ्या चवीने सांगतात. त्यावर विश्वास ठेवू नये.

मी गेलो तेव्हा टेकडीवर बीअर निघणे जवळजवळ बंद झाले होते. २००८ साली मोठे उत्पादन तेथून हलवून युटलंडमधल्या फ्रेडेरिसिया येथल्या कारखान्यात नेले. जुन्या आवारात आता घरे, दुकाने, शाळा, नवे रेल्वेस्थानक असे एक उपनगर उठले आहे. कंपनीवर मतांचा अधिकार मात्र अजून त्या निधीचाच आहे. फ्रेडेरिसियाच्या कारखान्याने २०२१ साली सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची मोठी यंत्रणा बसवली. एक लिटर बीअरला पूर्वी २.९ लिटर पाणी लागे ते १.४ लिटरवर आणावयाचे, आणि वापरलेल्या पाण्यापैकी ९० टक्के परत फिरवावयाचे, असा तिचा हिशेब. तो आकडा वाचला तेव्हा मला २०१६ चा उन्हाळा आठवला. लातूरला मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागत होते, आणि शेजारच्या औरंगाबादेत बीअरचे कारखाने चालू होते. शेवटी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला सांगावे लागले, की मद्याच्या कारखान्यांचे पाणी ६० टक्के कापा. नानांनी धान्याचे विचारले होते. ते असते तर पाण्याचेही विचारले असते, आणि तेव्हाही माझ्यापाशी उत्तर नव्हते.

प्रयोगशाळेची इमारत मी रस्त्यावरूनच पाहिली. आत जाण्याचे काही कारण नव्हते. चौतीस वर्षांत किती हजार वेळा ती रीत केली असेन याचा मनात हिशेब करीत उभा राहिलो. मुलगी म्हणाली, "बाबा, पाय दुखत असतील, बसू या." जवळच एका उपाहारगृहाची टेबले बाहेर मांडली होती. मी कॉफी मागवली. ती थोडा वेळ यादी पाहात राहिली, मग माझ्याकडे न पाहता तिने एक ग्लास बीअर मागवली.

ग्लास आला. तिने तो पुढे ओढला नाही. बोटे काठावर ठेवून तशीच बसून राहिली. महिनाभर न बोललेल्या नानांचा चेहरा माझ्यापुढे होता. वेळ फार गेला असे वाटले; फार गेला नसावा, कारण फेस अजून वर होता.

मी म्हटले, "हा फेस पाहिलास? हे सातूतले प्रथिन. जास्त झाले तर गढूळ होते, कमी झाले तर फेस टिकत नाही. किती आहे ते मोजता येते."

"कसे?" तिने विचारले.

मग मी तिला पहिल्यापासून सांगावयास बसलो.